दांडा कोणाच्या हाती

सांचीच्या मोठ्या स्तूपाला चार तोरणं आहेत. त्यांतल्या पूर्वेकडच्या तोरणाच्या मधल्या तुळईवर एक घोडा कोरलेला आहे. घोडा एकच, पण कोरला आहे चार वेळा. कपिलवस्तूच्या वेशीतून निघून तो पुढे पुढे जातो आहे हे दिसावं म्हणून. टापांच्या आवाजाने नगर जागं होऊ नये यासाठी यक्षांनी त्याचे खूर तळहातांवर झेलले आहेत. पाठीवर स्वार नाही. तरीही छन्न हा सेवक त्या रिकाम्या पाठीवर छत्र धरून चालला आहे. तुळईच्या उजव्या टोकाला पोचलं की घोड्यावरचं छत्र नाहीसं होतं आणि दगडात उमटवलेल्या दोन पावलांवर दिसू लागतं. त्याच्या खाली घोडा परत फिरलेला आहे. आता त्याच्यावर छत्र नाही.

सिद्धार्थाने घर सोडलं त्या रात्रीचं हे शिल्प आहे. बुद्धाची मानवी आकृती न दाखवण्याची त्या काळच्या शिल्पकारांची रीत होती. त्यामुळे तो कुठे आहे हे सांगायचं काम छत्राकडे आलं. छत्र घोड्यावर आहे तोवर तो घोड्यावर. छत्र पावलांवर गेलं की तो उतरला. बघणाऱ्यांना यापेक्षा अधिक काही समजावून सांगावं लागत नसणार, कारण छत्र म्हणजे कोण हे त्यांना रस्त्यावरच्या मिरवणुका बघून ठाऊक होतं. रात्रीच्या प्रसंगात ऊन नसतं, ही गोष्ट शिल्पकाराला खटकली नाही आणि बघणाऱ्यालाही नाही.

रिकाम्या जागेवर छत्र धरण्याची ही कल्पना आजही जिवंत आहे, तीही सांचीपासून फार दूर. पोप वारले की नवा पोप निवडला जाईपर्यंत व्हॅटिकनच्या मुद्रेवर दोन किल्ल्या असतात आणि त्यांच्यावर लाल-पिवळ्या पट्ट्यांचं अर्धवट उघडलेलं छत्र. एप्रिल २०२५मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या निधनानंतर ते पुन्हा जगभर दिसलं. खुर्चीत माणूस नाही, पण खुर्ची आहे, एवढंच ते छत्र सांगतं. एखाद्या चर्चला ‘बॅसिलिका’चा दर्जा मिळाला की तसंच अर्धउघडं छत्र बाळगण्याचा मान त्याला मिळतो. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चला तो दर्जा १९४६ साली मिळाला.

आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात याहून नवलाची गोष्ट आहे. हे दालन सुमारे १२४ फूट लांब, डोंगराच्या पोटात खोदलेलं. त्याच्या टोकाला स्तूप आहे आणि स्तूपाच्या माथ्यावर लाकडी छत्र. दोन हजार वर्षांच्या आसपासचं हे लाकूड अजून जागेवर आहे. उन्हापावसाचा काही प्रश्नच नाही अशा ठिकाणी कोणीतरी मोठ्या मेहनतीने छत्र उभारलं, आणि ऊनपाऊस लागला नाही म्हणूनच ते टिकलं.

छत्राविषयी बोलताना लोक बहुधा त्याच्या कापडाकडे बघतात. रंग कोणता, झालर कशी, मोती किती. मला वाटतं, आधी दांडा बघावा. आपली छत्री आपण धरली की ती छत्री; दुसऱ्याने आपल्यावर धरली की ते छत्र होतं. मेसोपोटेमियातला अक्कडचा राजा सारगॉन, निनिव्हेच्या भिंतीवर रथात उभा असलेला असुर राजा अशुरबनिपाल, पर्सेपोलिसच्या दारांवर कोरलेला इराणचा सम्राट, या सगळ्यांच्या मागे एक माणूस उभा आहे. तो राजापेक्षा किंचित लहान कोरलेला असतो. त्याच्या दोन्ही हातांत दांडा असतो, नजर पुढे. त्याचं नाव कोणी कोरलेलं नाही. छत्राची गोष्ट खरं तर त्याची गोष्ट आहे, कारण तो नसेल तर राजालाही ऊन लागतं आणि, त्याहून वाईट म्हणजे, राजा इतरांसारखा दिसतो.

सारनाथला कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी भिक्षू बल याने बोधिसत्त्वाची एक प्रचंड मूर्ती उभारली. तिच्यावर दगडाचं छत्र होतं, सुमारे दहा फूट व्यासाचं. या दानाचा लेख मूर्तीवर आहे, तसाच छत्राच्या दांड्यावरही आहे. आपण काय काय दिलं हे सांगताना बलाने मूर्तीबरोबर छत्राचा दांडाही आवर्जून मोजला. दगडाच्या दांड्याला धरणारा माणूस लागत नाही. तेव्हा ती जागा अक्षरांनी भरून काढली असं म्हणायला हरकत नाही.

छत्राची जन्मकथा मात्र राजवाड्यातली नाही. ती महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. श्राद्धात छत्री आणि जोडे का देतात, असं युधिष्ठिर भीष्मांना विचारतो. भीष्म सांगतात ती गोष्ट जमदग्नी आणि रेणुकेची. जमदग्नींना बाण सोडण्याचा खेळ सुचला होता. ते बाण सोडत आणि रेणुका धावत जाऊन ते वेचून आणी. ज्येष्ठातली दुपार, पायाखाली तापलेली जमीन. एकदा तिला परत यायला उशीर झाला. विचारलं तर म्हणाली, डोकं आणि पाय भाजले, म्हणून झाडाखाली घटकाभर थांबले. ऋषी संतापले. बायकोवर नाही, सूर्यावर. त्याला पाडायचं म्हणून त्यांनी धनुष्याला बाण लावला. सूर्य ब्राह्मणाच्या रूपात खाली आला, त्याने बरीच मनधरणी केली आणि शेवटी दोन वस्तू पुढे केल्या: डोक्यासाठी छत्री, पायांसाठी पादत्राणं.

कथा रचणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे, पण तिच्यात एक विलक्षण गोष्ट आहे. पहिली छत्री आली ती कष्ट करणाऱ्या बाईसाठी. राजाचा तिच्याशी काही संबंध नाही. आणि उन्हातान्हात हे बाण वेचायचं काम तिच्यावर कोणी टाकलं, हा प्रश्न सूर्याने ऋषींना विचारला नाही. मराठवाड्यात माहूरगडावर रेणुकेचं ठाणं आहे, साडेतीन पीठांपैकी एक. तिच्यामुळे मिळालेल्या त्या दोन वस्तू आपल्याकडे अजून तेराव्याच्या दानात देतात. मेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर ऊन लागू नये, ही त्यामागची भावना. दान घेणारे गुरुजी त्या छत्रीचं पुढे काय करतात याची चौकशी करू नये.

राजांनी ही वस्तू हाती घेतल्यावर तिचं शास्त्र झालं. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘छत्रलक्षण’ नावाचं प्रकरणच लिहिलं. राजाचं छत्र हंस, मोर अशा पक्ष्यांच्या पिसांचं, वरून पांढरं नवं वस्त्र, मोत्यांच्या माळा, आणि सोन्याने मढवलेला सहा हात लांब दांडा. युवराज, राणी, सेनापती आणि दंडनायक यांच्यासाठी दांडा साडेचार हातांचा. इतर माणसांनी ऊन-थंडी अडवायला चौकोनी छत्री वापरावी. म्हणजे लांबून येणारी मिरवणूक बघून, माणसाचा चेहरा दिसायच्या आधी, दांड्याच्या उंचीवरून कळावं की आपण किती वाकायचं आहे.

अशी वस्तू लढाईत शत्रूच्या हाती पडली तर काय होतं, हे नाशिक जिल्ह्यात वणीला सापडलेल्या ताम्रपटावरून कळतं. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याने मयूरखंडीहून दिलेला हा ताम्रपट इसवी सन ८०७च्या आसपासचा. त्यात गोविंदाचा बाप ध्रुव याची स्तुती आहे. त्याआधी काय झालं होतं, तर गुर्जर-प्रतिहार वत्सराजाने गौड देशाच्या, म्हणजे बंगालच्या राजाचा पराभव करून त्याची दोन पांढरी राजछत्रं पळवली होती. त्या विजयाने तो फुगून गेला होता. ध्रुवाने वत्सराजाला मरुभूमीत पिटाळलं आणि ती दोन्ही छत्रं त्याच्याकडून हिसकावून घेतली. प्रशस्तिकाराने त्यांच्या शुभ्रपणाला शरदातल्या चांदण्याची उपमा दिली आहे. बंगालात बनलेली छत्रं राजस्थानातून दख्खनमध्ये आली, आणि तिन्ही ठिकाणी त्यांचा अर्थ सांगायला दुभाषा लागला नाही. हत्ती, घोडे, खजिना यांचीही लूट झाली असणारच. पण तांब्यावर कोरून ठेवावीशी वाटली ती दोन छत्रं.

दांडा धरणाऱ्याकडे आता पुन्हा येऊ. तो नेहमीच हलक्या दर्जाचा नोकर असे, असं मात्र समजू नये. वाल्मीकी रामायणात रामाच्या राज्याभिषेकाला पांढरं छत्र शत्रुघ्न धरतो; चवऱ्या ढाळतात सुग्रीव आणि विभीषण, म्हणजे दोन राजे. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग कनोजच्या उत्सवाचं वर्णन करतो. बुद्धाच्या सोन्याच्या मूर्तीची मिरवणूक निघाली तेव्हा सम्राट हर्षवर्धन इंद्राचा वेष घेऊन स्वतः छत्र धरून चालला, आणि कामरूपचा राजा ब्रह्मदेवाच्या वेषात पांढरी चवरी घेऊन दुसऱ्या बाजूने. छत्र धरणं ही सेवा खरी, पण ती कोणाची करायची हे ठरवण्यातच मोठेपणा होता. हर्षाने देवावर छत्र धरलं तेव्हा बघणाऱ्या मांडलिकांना एवढंही कळलं असेल की या माणसाच्या वर आता फक्त देव उरला आहे.

रायगडावर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी हेच घडलं, पण वेगळ्या कारणाने. मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या अभिषेकाचं वर्णन आहे. आठ प्रधान आठ दिशांना उभे. चौघांच्या हातांत कलश, आणि आग्नेयेला अण्णाजी दत्तो सचिव छत्र घेऊन. बखर प्रसंगानंतर जवळजवळ सव्वाशे-दीडशे वर्षांनी लिहिलेली आहे, तेव्हा कोण नेमका कुठे उभा होता यावर फार भार देऊ नये. पण मराठ्यांच्या मनात राज्याभिषेकाचं चित्र कसं होतं हे ती नीट सांगते. ज्याच्याकडे राज्याचं दप्तर, त्याच्याकडे छत्राचा दांडा.

त्या दिवसाचं महत्त्व समजायला आधीची तीनशे वर्षं आठवावी लागतात. १३४७मध्ये दौलताबादेत हसन गंगू बहमनी गादीवर बसला तेव्हा त्याने काळं छत्र धरलं. काळा हा बगदादच्या अब्बासी खलिफांचा रंग. दख्खनमधल्या सत्तेने दूरच्या खलिफाचा रंग डोक्यावर घेतला, कारण छत्राला कोणाची तरी मान्यता लागते. मोगल दरबारात याचे थर होते. अबुल फज्लने ऐन-ए-अकबरीत बादशाही चिन्हांची यादी दिली आहे. तीत छत्र वेगळं आणि सायाबान वेगळं. छत्रावर कमीत कमी सात मौल्यवान रत्नं. सायाबान लंबगोल, गजभर लांब, जरीच्या कापडाने मढवलेल्या दांड्याचं; एक सेवक ते बादशहाच्या बाजूने, सूर्य असेल त्या दिशेला धरतो. यालाच आफताबगीर म्हणत, आणि आपण त्याची अब्दागीर केली. अब्दागीर मोठ्या सरदारांनाही बहाल होऊ शके. छत्राची गोष्ट निराळी. विजापूरच्या आदिलशाहीत जहागिरदाराच्या मुलाला पालखी, हत्ती, अब्दागीर एवढ्यापर्यंत पोचता आलं असतं. छत्र कोणी देत नाही, ते धरायचं असतं.

यानंतर छत्र थेट नाण्यावर गेलं. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. तांब्याचं हे नाणं बाजारातल्या माणसाच्या कनवटीला असायचं. ज्याने आयुष्यात कधी राजा पाहिला नाही, राजछत्र तर नाहीच नाही, त्याने भाजीवाल्याला दिलेल्या पैशावर तो शब्द होता. पेशवाई बुडाल्यावरही शिवराई पुष्कळ वर्षं चालत राहिली.

अठराव्या शतकात मराठी राज्यात एक अजब व्यवस्था आली. छत्र साताऱ्याला आणि कारभार पुण्याला. १७४९मध्ये शाहू महाराज वारल्यानंतर सत्तेची सगळी सूत्रं पेशव्यांच्या हाती गेली. फौजा त्यांच्या, खजिना त्यांचा, तह त्यांचे. तरी प्रत्येक नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून यावी लागत. पेशवे सरदारांना पालखी, चौघडा, अब्दागीर देऊ शकत. छत्र स्वतःवर धरायला धजले नाहीत. इतिहासकार याला कधी निष्ठा म्हणतात, कधी धूर्तपणा. मला वाटतं, ते अण्णाजी दत्तोच्या जागी उभे होते आणि दांडा धरणाऱ्याची ताकद त्यांना नीट माहीत होती. ज्याच्यावर छत्र आहे त्याला स्थिर बसावं लागतं. धरणाऱ्याला हलता येतं. शेवटी दोघांचंही राज्य इंग्रजांनी घेतलं: पुण्याचं १८१८मध्ये, साताऱ्याचं १८४८मध्ये.

सगळ्या जगाने छत्राला मान दिला असं नाही. अथेन्समध्ये ती बायकांची वस्तू होती. पुरुषाने उन्हासाठी छत्री वापरली की चेष्टा ठरलेली. आनाक्रेऑन या कवीने आर्टेमॉन नावाच्या एका नवश्रीमंताची टर उडवली आहे ती कानांतल्या सोन्याबद्दल आणि बायकांसारख्या हस्तिदंती छत्रीबद्दल. पण अथेनाच्या मोठ्या उत्सवात, पॅनाथेनिआच्या मिरवणुकीत, तिथलेही दांड्यावर येतात. नागरिकांच्या मुली पूजेच्या टोपल्या घेऊन चालत. शहरात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या पण नागरिकत्व नसलेल्या परक्यांच्या मुलींना त्यांच्यावर छत्र्या धरून चालावं लागे. लोकशाहीची गावभर मिरवणूक, आणि तिच्यात कोण आतलं, कोण बाहेरचं हे छत्रीच्या दांड्यावरून स्पष्ट.

पश्चिम आफ्रिकेत अशांतींच्या राज्यात छत्र बहरलं. १८१७मध्ये बोडिच हा इंग्रज कुमासीला गेला तेव्हा त्याच्या स्वागताला शंभरावर मोठाली छत्रं होती. धरणारे ती सतत खालीवर नाचवत होते. छत्रांच्या टोकांवर सोन्याचा वर्ख दिलेल्या लाकडी आकृत्या असतात आणि त्यांतल्या पुष्कळ आकृत्या त्यांच्या म्हणींवर बेतलेल्या. १८७४मध्ये इंग्रज फौजांनी कुमासी जाळलं आणि राजा कोफी करिकरीचं छत्र राणी व्हिक्टोरियाला पाठवून दिलं. वणीचा प्रशस्तिकार असता तर त्याला हा प्रसंग लगेच ओळखता आला असता.

याच इंग्रजांनी हिंदुस्थानात आल्यावर छत्राचे नियम किती चटकन उचलले ते बघण्यासारखं आहे. त्यांच्या आधी गोव्यात पोर्तुगीजांनी ते उचलले होतेच. १५८३ ते १५८८ या काळात आर्चबिशपच्या पदरी गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोटेनच्या पुस्तकातल्या चित्रांत पोर्तुगीज साहेब रस्त्याने जाताना दिसतो आणि त्याच्यावर गुलामाने छत्री धरलेली आहे. लिस्बनमध्ये ज्याला कोणी विचारत नव्हतं त्याला गोव्यात उतरताच मागे चालणारा माणूस मिळे. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीने १६८०च्या सुमारास हुकूमच काढला: कौन्सिलचे सभासद, वखारींचे प्रमुख, विलायतेहून आलेल्या जहाजांचे कप्तान आणि पाद्री यांच्याखेरीज कोणी छत्री धरवून घेऊ नये. बायकांनाही नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे परवानगी. वराहमिहिराने साडेचार हात आणि सहा हात हा जो फरक केला होता तोच हा, फक्त वेतनश्रेणीत बसवलेला.

छत्री नाकारण्याचं याहून कठोर रूप आपल्याच समाजात होतं. एकोणिसाव्या शतकात दक्षिण त्रावणकोरमध्ये नाडर लोकांना छत्री वापरायला, पायात जोडे घालायला, सोन्याचे दागिने घालायला मनाई होती. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, आणि तिथे तो धो धो पडतो. तरी वरच्या जातींसमोर खालच्याने भिजायचं. डोक्यावर काही असणं हा अपमान मानला जाई. सूर्याने रेणुकेला दिलेल्या नेमक्या त्याच दोन वस्तू, छत्री आणि जोडे, या बंदीच्या यादीत आहेत.

कष्टकऱ्याने त्यावर आपला तोडगा आधीच काढला होता. कोकणात लावणीच्या दिवसांत बांबूच्या कामट्या आणि पळसाच्या पानांचं इरलं डोक्यावरून पाठीवर घेतात. देशावर घोंगडीची खोळ करतात. इरल्याला दांडा नसतो. दोन्ही हात चिखलात असतात, रोपं लावायची असतात. मागे उभं राहून धरणारं कोणी नसतं, आणि स्वतः धरायला हात मोकळा नसतो. छत्राच्या इतिहासात ज्या एका वस्तूने दांड्याचा प्रश्नच मोडीत काढला ती ही, आणि संग्रहालयात तिला सहसा जागा मिळत नाही.

स्वतःची छत्री स्वतः घेऊन सन्मानाने चालणारा माणूसही आपल्या परंपरेत आहे. बळीच्या यज्ञात वामन छत्री घेऊन आला. सोडमुंजीत बटूला छत्री, जोडा, काठी देतात: शिक्षण झालं, आता वाटेला लाग. वाटसरूची छत्री वाटसरूनेच धरायची. पण राजछत्राच्या झगमगाटात ही धाकटी परंपरा लोकांच्या फारशी लक्षात राहिली नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये जोनास हॅनवे नावाचा, इराण फिरून आलेला, व्यापारी पावसात छत्री घेऊन चालायला लागला तेव्हा गाडीवाले त्याला शिव्या घालत. त्यांचं भाडं बुडत होतं, हे एक. दुसरं म्हणजे स्वतः छत्री धरणाऱ्याला गाडी परवडत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. हॅनवे हटला नाही. १८५२मध्ये सॅम्युएल फॉक्सने पन्हळीसारख्या पोलादी काड्यांचा सांगाडा बनवला आणि छत्री हलकी झाली. आधी व्हेलच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांच्या काड्या असत. भिजल्या की त्यांची लवचिकता जाई, वाळल्या की त्या मोडत. पोलादी काड्यांची काळी छत्री मग मास्तरांच्या, कारकुनांच्या, वकिलांच्या काखेत आली. ती धरायला नोकर लागत नव्हता आणि कोणाची परवानगीही.

राजांची छत्रं आता बहुतेक ठिकाणी उतरली आहेत. थायलंडमध्ये अजून आहे. तिथे राज्याभिषेक होईपर्यंत राजाला सात मजली छत्र आणि नंतर नऊ मजली पांढरं. मे २०१९मध्ये महा वजिरालोंगकोर्न यांच्यावर ते धरलं गेलं. महाराष्ट्रात छत्र आणि अब्दागीर देवांकडे आणि संतांकडे राहिली. आळंदी-देहूच्या पालख्यांबरोबर ती चालतात, कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेच्या पालखीपुढे निघतात. त्यांचा दांडा धरायला भाड्याचा माणूस चालत नाही. अमक्या घराण्याने अब्दागीर, तमक्याने निशाण असे मान ठरलेले असतात. मुंबईला नोकरी करणारा मानकरी त्या दोन दिवसांसाठी रजा टाकून, गर्दीच्या गाडीत उभ्याने प्रवास करून गावी येतो. त्याच्या आधी दुसऱ्या भावकीतल्या कोणी दांड्याला हात लावला तर पालखी जागची हलत नाही.